सॉफ्टवेअरचा दर्जा: गार्मिशपासून वावराच्या धुऱ्यापर्यंत

सॉफ्टवेअर चांगलं कसं करावं यावरच्या निबंधांत सल्ले बहुतेक ठरलेले असतात. चाचण्या वाढवा, एकाने लिहिलेला कोड दुसऱ्याने तपासा, मोठं काम लहान तुकड्यांत करा. सल्ले बरोबरच आहेत. पण पीकविम्याच्या शेवटच्या दिवसांत यवतमाळ-वाशीमकडच्या एखाद्या सेतू केंद्रावर जाऊन पाहिलं, की त्यात एक प्रश्न राहून गेल्याचं दिसतं: यंत्र चुकतंय असं सांगणाऱ्या माणसाचं ऐकतं कोण?

सॉफ्टवेअरच्या दर्जाचा विषय चर्चेला आला तो ऑक्टोबर 1968 मध्ये, जर्मनीतल्या गार्मिश इथे नाटोने भरवलेल्या परिषदेत. संगणक झपाट्याने मोठे होत होते, त्यांच्यावरचे प्रोग्रॅम मात्र वेळेत होत नव्हते आणि झाले तरी भरवशाचे नव्हते. ‘सॉफ्टवेअर संकट’ हा शब्द तिथून रुळला. चाचणीने चुका आहेत एवढंच कळतं, चुका नाहीत हे कधीच सिद्ध होत नाही, असं डच शास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांनी त्याच सुमारास बजावलं. पुढे 1976 मध्ये आयबीएमच्या मायकेल फेगन यांनी कोड तपासण्याची शिस्तबद्ध पद्धत मांडली, आणि 2001 मध्ये सतरा जणांनी अमेरिकेतल्या युटात ‘अजाइल’चा, म्हणजे लहान टप्प्यांत सॉफ्टवेअर बनवत जाण्याच्या पद्धतीचा, जाहीरनामा लिहिला. हा इतिहास बनवणाऱ्यांच्या बाजूचा. वापरणाऱ्यांच्या बाजूचा इतिहास वेगळा आहे आणि जास्त दुखरा आहे.

थेरॅक-25 हे कॅन्सरच्या रुग्णांना किरणोपचार देणारं यंत्र. 1985 ते 1987 या काळात अमेरिका आणि कॅनडात सहा रुग्णांना त्यातून ठरलेल्या मात्रेच्या कित्येक पट किरणं बसली. काहींचा त्यात जीव गेला. आधीच्या यंत्रांत चुकीची मात्रा अडवणारी यांत्रिक कुलुपं होती. या यंत्रात ती काढून सगळा भार सॉफ्टवेअरवर टाकला होता. रुग्ण भाजल्याचं सांगत होते, कंपनी असं होणं शक्यच नाही म्हणत होती. अखेर टेक्सासमधल्या एका रुग्णालयाच्या भौतिकतज्ज्ञाने आणि यंत्र चालवणाऱ्या ऑपरेटरने बसून तो बिघाड पुन्हा घडवून दाखवला. पडद्यावर आधी भरलेली नोंद पटकन दुरुस्त केली की यंत्राचे दोन भाग एकमेकांशी विसंगत राहत. म्हणजे सवयीने हात वेगवान झालेल्या माणसाकडूनच ही चूक घडू शकत होती. ती रोज त्या यंत्रासमोर बसणाऱ्या माणसाला सापडली.

ब्रिटनमध्ये तर याहून वाईट झालं. तिथल्या टपाल खात्याने 1999 पासून होरायझन नावाची हिशेबाची प्रणाली बसवली. ती खोटी तूट दाखवायची आणि ती भरून देण्याची जबाबदारी पोस्ट चालवणाऱ्यावर यायची. संगणक बरोबरच चालतो असं तिथलं न्यायालय गृहीत धरत असे, त्यामुळे चोरी आणि अफरातफरीच्या आरोपाखाली 900 हून अधिक लोक दोषी ठरले. प्रणालीत दोष आहेत हे उच्च न्यायालयाने 2019 मध्ये मान्य केलं. सरसकट दोषमुक्त करणारा कायदा यायला 2024 उजाडलं.

आपल्याकडे तुरुंगवास नसेल, पण ‘यंत्र खरं, माणूस खोटा’ ही रीत तीच आहे. 2017 च्या कर्जमाफीत अर्ज ऑनलाइन भरायचे होते. बँकांची माहिती आणि अर्जातली माहिती जुळेना, आणि खेपा घालाव्या लागल्या शेतकऱ्यांना. निंदण-वेचणीने बोटांच्या रेषा झिजलेल्या बाईचा अंगठा लागत नाही, तेव्हा परत जायचं तिनेच, त्या दिवसाची मजुरी बुडवून.

15 ऑगस्ट 2021 ला राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. तलाठ्याऐवजी शेतकऱ्याने स्वतः वावरात उभं राहून मोबाइलच्या ॲपमध्ये फोटो काढायचा आणि पीक नोंदवायचं, ही कल्पना मला मनापासून पटते. पुढच्या खरिपात ॲपची नवी आवृत्ती आली. नोंद चुकली तर 48 तासांत स्वतःच दुरुस्त करायची सोय झाली, आणि मुख्य पिकासोबत दोनऐवजी तीन दुय्यम पिकं नोंदवता येऊ लागली. कपाशीत तूर घेणाऱ्या विदर्भात अशी सोय किती कामाची, हे वेगळं सांगायला नको. दर्जा सुधारणं म्हणतात ते हेच.

पण 2023 च्या खरिपातल्या कापूस-सोयाबीनसाठी हेक्टरी 5,000 रुपयांची मदत जाहीर झाली, तेव्हा तिला याच ॲपमधल्या नोंदीची अट लागली. पीक घेतलेलं, सातबाऱ्यावर चढलेलं, तरी ॲपमध्ये नाही म्हणून नाव यादीत नाही. ओरड झाली तेव्हा कुठे सातबाऱ्यावरची नोंद चालेल असं ठरलं.

मेळघाटातल्या धारणी-चिखलदऱ्याकडे रेंज नसते, हे ॲप बनवण्याआधीही माहीत होतं. अंगठा लागला नाही, सर्व्हर बंद होता, लोकेशन मिळालं नाही, हे सगळं यंत्राला त्या क्षणी कळतं. मग तारीख आणि कारण घालून तशी पावती त्याने द्यावी. मुदत टळल्यावर तहसीलमध्ये दाखवायला शेतकऱ्याकडे कागद राहील, आणि कोणत्या गावात काय अडतं याची यादी ॲप बनवणाऱ्यांना आयती मिळेल.