गिळण्याचे व्यायाम: घशाच्या स्नायूंकडे लक्ष कसे गेले

पक्षाघातानंतर पाण्याच्या घोटानेही ठसका लागत असेल, तर आज स्पीच थेरपिस्ट जीभ, घसा आणि मानेचे व्यायाम शिकवतात. ही सोय फार जुनी नाही. पूर्वी अशा रुग्णाला मऊ अन्न जपून भरवायचे आणि तेही जमेना तर नळी घालायची, एवढेच हातात असे. गिळण्याचे स्नायूसुद्धा सरावाने बळकट होतात, या विचारावर उपचार उभे राहायला विसावे शतक सरत आले.

उशीर का झाला? मुख्य अडचण अशी की गिळणे डोळ्यांना दिसत नाही. घास घशातून उतरायला जेमतेम एक सेकंद लागतो. तेवढ्यात श्वास थांबतो, कंठ वर आणि पुढे सरकतो, श्वासनलिकेचे तोंड मिटते आणि अन्ननलिकेचे उघडते. यातले नेमके काय चुकते आहे हे बाहेरून कळणार कसे? १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागला आणि पुढच्याच वर्षी हार्वर्डमधला वैद्यकाचा विद्यार्थी वॉल्टर कॅनन याने प्राण्यांना बिस्मथ (क्ष-किरणांत उठून दिसणारा धातू) मिसळलेले अन्न देऊन ते खाली उतरताना पाहिले. त्यात एक हंसीही होती. लांब मान इथे उपयोगी पडली.

माणसांच्या उपचारासाठी ही नजर खऱ्या अर्थाने वापरली ती अमेरिकेतल्या स्पीच थेरपिस्ट जेरी लोगमन यांनी. बिस्मथसारखेच क्ष-किरणांत दिसणारे बेरियम मिसळलेले छोटे, मोजके घास देऊन हलत्या क्ष-किरण चित्रात घशाचे काम पाहायचे, ही तपासणी त्यांनी रुजवली. १९८३ मध्ये आलेले त्यांचे पुस्तक या क्षेत्राचा पाया मानले जाते. तरी सुरुवातीचे बरेचसे उपाय तो एक घास सुखरूप उतरावा एवढ्यासाठीच होते: हनुवटी छातीकडे झुकवणे, श्वास रोखून गिळणे. कमजोर स्नायू त्याने कमजोरच राहत.

पुढचा धागा रुग्णांच्या शरीरानेच दाखवला. तोंडाच्या पुढच्या भागातल्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या काही रुग्णांमध्ये गिळताना घशाची मागची भिंत नेहमीपेक्षा अधिक पुढे येते, असे संशोधक मासाको फुजिऊ आणि लोगमन यांना आढळले. एक बाजू उणी पडली म्हणून दुसरी जास्त राबत होती. मग जिभेचे टोक दातांत धरून गिळले, तर निरोगी माणसातही तसेच घडते का, हे त्यांनी तपासले. घडत होते. १९९६ मध्ये हे प्रसिद्ध झाले आणि ‘मासाको’ हा व्यायाम जन्मला. तो अन्नासह कधीही करू नये, कारण जीभ अडकवून गिळताना श्वासनलिकेचे रक्षण कमी होते. तो फक्त लाळ गिळत करायचा.

त्याच सुमारास अमेरिकेतले डॉक्टर रझा शेकर यांनी वेगळ्या टोकाने विचार केला. अन्ननलिकेचे तोंड एरवी मिटलेले असते. हनुवटीखालचे स्नायू कंठाला वर-पुढे ओढतात तेव्हा ते ताणून उघडते. मग त्याच स्नायूंना व्यायाम दिला तर? पाठीवर झोपायचे, खांदे न हलवता फक्त डोके उचलून पायांच्या बोटांकडे पाहायचे. एक मिनिट धरून ठेवायचे, एक मिनिट विश्रांती, असे तीनदा. नंतर न थांबता ३० वेळा डोके वर-खाली. दिवसातून तीन वेळा, सहा आठवडे. १९९७ मध्ये वृद्धांमध्ये अन्ननलिकेचे तोंड अधिक उघडल्याचे दिसले आणि २००२ च्या अभ्यासात नळीवर असलेले रुग्ण पुन्हा तोंडाने खाऊ लागले. माझ्या मते या इतिहासातला सर्वांत मोठा टप्पा हाच, कारण इथे व्यायामाने गिळण्याची क्षमताच परत येऊ शकते हे दिसले.

मात्र मानेचा आजार असलेल्यांना किंवा अशक्त वृद्धांना हा व्यायाम झेपत नाही. म्हणून पुढे बसून करायचा पर्याय आला: हनुवटीखाली रबरी चेंडू धरून तो दाबायचा. पार्किन्सनच्या रुग्णांसाठी जोर लावून उच्छ्वास सोडण्याचे छोटे उपकरण आले.

मान आणि तोंडाच्या कर्करोगात तर क्रमच बदलला. पूर्वी गिळण्याचा त्रास सुरू झाला की उपचार सुरू होत. आता अनेक ठिकाणी रेडिएशनच्या आधीच व्यायाम शिकवतात आणि जमेल तितके दिवस तोंडानेच खात राहायला सांगतात, कारण वापर थांबला की हे स्नायू लवकर क्षीण होतात.