मे महिन्यातलं रोटरी इंजिन : ताकद घटली की थंडावा?

घरी बांधलेल्या विमानात माझदा मोटारीचं 13बी रोटरी इंजिन (पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरणारं) असेल, तर जळगाव-भुसावळच्या 45 अंशांत दोन तक्रारी हमखास येतात: विमान लवकर उचलत नाही आणि कुलंटचा (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा) तापमानाचा काटा चढतो. दोन्हीला कारण ऊन, म्हणून दोन्हीवर एकच इलाज शोधला जातो. तिथेच चुकतं.

ताकदीचं गणित हवेच्या विरळपणाचं. जळगाव सुमारे 200 मीटर उंचीवर आहे. 45 अंशांत तिथली हवा समुद्रसपाटीच्या 15 अंशांच्या हवेपेक्षा 12 टक्के विरळ, म्हणजे साधारण साडेबाराशे मीटर उंचीवर असते तशी. ताकदही जवळपास तेवढीच घटते. प्रोपेलरच्या पात्यांचा कोन न बदलणारा असेल तर आरपीएम (मिनिटाला फेरे) फारसा पडत नाही, कारण पात्यांवरचा भारही हलका होतो. आरपीएम नेहमीचा आणि उड्डाणाआधीची धाव लांबली, तर दोष हवेचा. वजन कमी करा, पहाटे उडा. मोठा रेडिएटर इथे काही कामाचा नाही.

थंडाव्याला मात्र दुहेरी मार बसतो. कुलंट 95 अंशांवर ठेवायचं, तर 15 अंशांच्या हवेशी फरक 80 चा. 45 च्या हवेशी फक्त 50 चा. त्यात हवाही विरळ. दोन्ही मिळून रेडिएटरची क्षमता 45 टक्क्यांनी घटते, उष्णता मात्र जेमतेम 12 टक्के कमी. म्हणून ताकद भरून काढायला टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) लावणं धोक्याचं: त्याने उष्णता पुन्हा वाढते, रेडिएटर आहे तिथेच.

रेडिएटर बदलण्याआधी डक्ट, म्हणजे त्याच्याकडे हवा नेणारी वाट, तपासा. पारदर्शक नळी यू आकारात वाकवून अर्धी पाण्याने भरा. एक टोक रेडिएटरच्या जाळीपुढे, दुसरं जाळीमागे ठेवा. ताशी 150 किलोमीटरला इथल्या उन्हात वाऱ्याचा पूर्ण दाब साडेनऊ सेंटिमीटर पाण्याइतका असतो. पातळ्यांमधला फरक दोन-तीन सेंटिमीटरच दिसला, तर हवा कडेने निसटते आहे किंवा डक्टचं मागचं तोंड अरुंद आहे. कडा रबराने बंद करा, मागची वाट मोठी करा.

ऑइल कूलर विसरू नका. रोटर आतून तेलानेच थंड होतो. एकूण थंडाव्यातला सुमारे तिसरा हिस्सा तेलाचा.

जास्त तापलं, की लोखंडी बाजूच्या प्लेटा आणि ॲल्युमिनियमचं रोटर हाउसिंग यांच्यामधलं पाण्याचं सील जळतं. थंड इंजिन झाकण काढून सुरू केल्यावर कुलंटमध्ये बुडबुडे थांबेनात, तर इंजिन खोलावंच लागेल.