उपशामक सेवा

उपशामक सेवा, म्हणजेच पॅलिएटिव्ह केअर, ही बऱ्या न होणाऱ्या आजारात वेदना, धाप, मळमळ आणि भीती कमी करणारी वैद्यकशाखा आहे. सगळे उपाय थकले की मगच तिच्याकडे वळायचे, हा समज चुकीचा आहे. निदान झाल्यापासून ती मूळ उपचारांसोबत देता येते.

वृद्ध स्त्रीच्या बाबतीत पहिली अडचण वेदना कळण्याचीच असते. जन्मभर दुखणे अंगावर काढलेली आजी ‘कसं वाटतंय?’ विचारले की ‘बरं आहे’ म्हणते. तेव्हा प्रश्न बदलावा लागतो: रात्री कूस बदलताना जाग येते का? वेणी घालायला हात वर जातो का?

कर्करोगाच्या तीव्र वेदनेवर मॉर्फिनची गोळी स्वस्त आणि गुणकारी आहे. साध्या गोळीचा असर सुमारे ४ तास टिकतो, म्हणून ती दुखायची वाट न पाहता घड्याळ लावून देतात. तिने शौचाला खडा धरतो, त्यामुळे पोट साफ होण्याचे औषधही सोबत लागते. १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने हीच गोळी मिळणे मुश्किल करून ठेवले होते. २०१४च्या दुरुस्तीने नियम सैल झाले, तरी गावोगावच्या रुग्णांपर्यंत ती अजून पुरेशी पोचलेली नाही, ही दुःखाची गोष्ट आहे.

ब्रिटिश डॉक्टर सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ मध्ये लंडनला आधुनिक हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या आजारातल्या रुग्णांची शुश्रूषा करणारे केंद्र, उभारले. भारतातले पहिले, शांती अवेदना सदन, १९८६ मध्ये मुंबईत वांद्र्याला सुरू झाले. केरळात शेजारपाजारच्या स्वयंसेवकांनी हे काम घरोघरी नेले.

अखेरच्या दिवसांत भूक मिटते. ‘दोन घास तरी खा’ हा आग्रह मायेपोटीच असतो, पण गिळणे जमत नसताना भरवले तर ठसका लागून अन्न श्वासनलिकेत जाऊ शकते. त्यापेक्षा ओल्या कापसाने ओठ टिपावेत, दर दोन तासांनी कूस बदलावी, पाठीवर लाली दिसते का ते पाहावे; पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची ती सुरुवात असते.

कृत्रिम जीवरक्षक उपचार नकोत, असे आधी लिहून ठेवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केला आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. पण त्यासाठी आपला आजार त्या आजीला ठाऊक हवा. ‘आईला सांगू नका’ असे मुले डॉक्टरांना दाराबाहेर विनवतात. आत तिला बहुधा कळलेले असते. मग पाटल्या कोणाला द्यायच्या, शेवटचे दिवस दवाखान्यात काढायचे की गावच्या घरी, हे तिलाच विचारायचे राहून जाते.