पस्तीस मिनिटांची शांतता: कोरियातील इंग्रजी श्रवणचाचणीची पार्श्वभूमी

दक्षिण कोरियात दरवर्षी नोव्हेंबर महिन्यातल्या एका गुरुवारी दुपारी 1 वाजून 5 मिनिटांपासून 1 वाजून 40 मिनिटांपर्यंत देशातल्या एकाही विमानतळावरून विमान उडत नाही आणि, आणीबाणीचा प्रसंग वगळता, उतरतही नाही. आधीच आकाशात असलेल्या विमानांना तीन हजार मीटरच्या वर घिरट्या घालत राहावे लागते, सव्वाशे-दीडशे उड्डाणांच्या वेळा पुढेमागे केल्या जातात आणि लष्कराचे गोळीबाराचे सरावही थांबवले जातात. ‘सुनुंग’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या महाविद्यालयीन प्रवेशपरीक्षेतील इंग्रजीच्या श्रवणचाचणीसाठी हा सारा बंदोबस्त असतो. जेईई किंवा सीईटीच्या धबडग्यातून गेलेल्या मराठी वाचकाला परीक्षेचे दडपण नवे नाही. परंतु त्या परीक्षांत भाषेचा विषयच नसल्यामुळे, परकी भाषा कानांनी किती कळते यावरही प्रवेश ठरू शकतो ही गोष्ट त्याला काहीशी अनोळखी वाटेल.

सुनुंगच्या आधी, म्हणजे 1980च्या दशकात आणि पुढेही दोन-तीन वर्षे, कोरियात जी प्रवेशपरीक्षा होती तिच्यावर पाठांतराचा शिक्का बसला होता. इंग्रजीचा भर व्याकरण आणि शब्दार्थ यांवर असे. उच्चारसुद्धा कागदावरच तपासला जाई, म्हणजे शब्दातल्या कोणत्या अवयवावर आघात येतो ते पर्यायांतून ओळखायचे आणि खूण करायची. वर्षानुवर्षे इंग्रजी शिकूनही समोरच्याचे एक वाक्य कळत नाही, ही तक्रार आपल्याकडच्या मराठी माध्यमातल्या पालकांनाही पाठ आहे. 1993 साली नवी परीक्षा आली तेव्हा इंग्रजीच्या 50 प्रश्नांपैकी 8 प्रश्न ऐकून सोडवायचे ठेवण्यात आले. त्या पहिल्या वर्षी परीक्षा ऑगस्ट आणि नोव्हेंबर अशी दोनदा झाली. पण दोन्हींची काठिण्यपातळी जुळली नाही आणि दोनदा परीक्षा घेण्याचा बेत तिथेच संपला. श्रवणाचे प्रश्न मात्र टिकले, इतकेच नव्हे तर काही वर्षांत ते 17 झाले.

यामागचा हिशेब उघड होता. परीक्षेत येत नाही ते वर्गात शिकवले जात नाही, तेव्हा वर्ग बदलायचा तर आधी परीक्षा बदलावी. 1990च्या दशकाच्या मध्यात किम यंग-साम सरकारने जागतिकीकरणाचा घोष सुरू केला, 1997पासून प्राथमिक शाळेत तिसरीपासून इंग्रजी हा विषय आला, आणि श्रवणाचे वजन वाढणे या लाटेला धरूनच होते. माध्यमिक शाळांत सरकारी शैक्षणिक वाहिनीवरून वर्षातून दोनदा श्रवणचाचण्या प्रसारित होऊ लागल्या आणि त्यांचे गुण शाळेच्या मूल्यमापनातही धरले जाऊ लागले.

प्रत्यक्ष परीक्षेत काय घडते ते जवळून पाहण्यासारखे आहे. वर्गातल्या ध्वनिक्षेपकातून अमेरिकी वळणाच्या इंग्रजीत एक पुरुष आणि एक स्त्री बोलू लागतात: कुणाला दुकानात किती पैसे द्यायचे आहेत, कुणाला शनिवारी मित्राकडे का जाता येणार नाही. पहिले 15 प्रश्न एकदाच ऐकवले जातात. 16 आणि 17 या शेवटच्या जोडीचा उतारा तेवढा दोनदा. सगळे मिळून जेमतेम पंचवीस मिनिटांत आटोपते. दोन संवादांच्या मधली काही सेकंदे उत्तर लिहिण्यासाठी असतात, पण सराईत विद्यार्थी त्या फटीत पान उलटून वाचनविभागातले सोपे प्रश्न, म्हणजे जाहिरातीचा मजकूर किंवा आलेखाचे वर्णन, उरकून घेतात आणि पुढचा संवाद सुरू होताच पुन्हा मागे येतात. कारण पुढचे 28 प्रश्न खरे अवघड असतात आणि वेळ एकूण 70 मिनिटांचाच असतो. ज्या विभागाने कान तयार करायचे होते तो वेळ वाचवण्याची जागा होऊन बसला, याचे मला नवल वाटत नाही. बोलण्याची परीक्षाही इथे पेन्सिलीनेच होते: संवाद अर्धवट थांबतो आणि त्यावर समोरच्याने काय म्हणावे ते पाच पर्यायांतून निवडायचे असते.

ही उणीव सरकारलाही दिसत होती. 2008मध्ये सत्तेवर आलेल्या ली म्यंग-बाक सरकारने बोलणे आणि लिहिणे यांचाही समावेश असलेली संगणकीय राष्ट्रीय इंग्रजी चाचणी तयार करवली आणि सुनुंगमधील इंग्रजीच्या जागी ती आणण्याचा विचार मांडला. त्याच ओघात नोव्हेंबर 2013च्या परीक्षेत 45पैकी 22 प्रश्न श्रवणाचे झाले. परंतु सरकार बदलले, खासगी शिकवण्यांचा खर्च आणखी फुगेल ही भीती होतीच, आणि ती चाचणी गुंडाळण्यात आली. पुढच्याच वर्षी श्रवणाचे प्रश्न पुन्हा 17वर आले आणि आजही तितकेच आहेत.

जपानने हा प्रश्न निराळ्या रीतीने सोडवला. तिथल्या सामायिक प्रवेशपरीक्षेत श्रवणचाचणी आली ती जानेवारी 2006मध्ये, आणि ध्वनिक्षेपकाऐवजी सुमारे पाच लाख परीक्षार्थींपैकी प्रत्येकाच्या हाती इयरफोनसह एक छोटे यंत्र देण्यात आले. विमाने थांबवायची गरज उरली नाही. मात्र पहिल्याच वर्षी यंत्रे बिघडल्याच्या तक्रारींमुळे काहीशे जणांची चाचणी त्याच दिवशी पुन्हा घ्यावी लागली. 2021पासून तिथे वाचन आणि श्रवण यांना समान, म्हणजे शंभर-शंभर, गुण आहेत आणि उच्चारही केवळ अमेरिकी राहिलेले नाहीत.

कोरियाने ध्वनिक्षेपक सोडलेला नाही. एखाद्या केंद्रावर प्रसारण बिघडले तर तिथल्या मुलांना आधी वाचनाचे प्रश्न सोडवायला सांगितले जातात आणि श्रवण नंतर घेतले जाते. ज्यांना ऐकूच येत नाही अशा परीक्षार्थींना हेच संवाद छापून दिले जातात; बाकी देश शांत बसलेला असताना ते हे सतरा प्रश्न वाचून सोडवतात.