‘रॉकेटियर’चं लांबलेलं ‘क्रमशः’

अमेरिकी चित्रकार डेव्ह स्टीव्हन्सचा कॉमिक-नायक ‘रॉकेटियर’ १९८२ साली अवतरला तो दुसऱ्याच्या घरात. पॅसिफिक कॉमिक्सच्या ‘स्टारस्लेयर’ या कॉमिकची मागची काही पानं भरायची होती, ती स्टीव्हन्सला मिळाली. कथा १९३८च्या लॉस एंजेलिसमधली. क्लिफ सेकॉर्ड या कफल्लक वैमानिकाच्या हाती चोरीचं रॉकेट लागतं, त्याचा मेकॅनिक मित्र पीव्ही त्याला शिरस्त्राण बनवून देतो आणि गडी आकाशात झेपावतो.

पाठीवर रॉकेट बांधलेला माणूस मात्र जुनाच. रिपब्लिक पिक्चर्सनं १९४९ मध्ये ‘किंग ऑफ द रॉकेट मेन’ ही बारा भागांची चित्रपटमालिका काढली होती. असे भाग थिएटरात मुख्य सिनेमाच्या जोडीला, आठवड्याला एक, दाखवत. नायक मरणाच्या दारात, की भाग संपला! पैसा बेताचा. नायकाच्या छातीवरच्या बटणांवर सरळ ‘चालू-बंद’, ‘वर-खाली’, ‘जलद-हळू’ असं लिहिलेलं. उड्डाणासाठी रिपब्लिकचे ट्रिकदृश्यवाले लायडेकर बंधू तारेवरून पूर्णाकृती पुतळा सोडत आणि तो खराच उडतोय असं वाटे. रिपब्लिकनं हीच उड्डाणदृश्यं १९५२च्या ‘रडार मेन फ्रॉम द मून’मध्ये पुन्हा वापरली. पुढे टीव्हीनं हा धंदाच बसवला; १९५६ नंतर हॉलिवूडनं अशी मालिका काढली नाही.

स्टीव्हन्सचा जन्म १९५५चा, म्हणजे हे सगळं संपत आलं तेव्हाचा. त्यानं रॉकेट उचललं, अडकलेला नायक उचलला; काटकसर तेवढी उचलली नाही. विमानं, कपडे, कुत्र्याच्या आकाराचं बुलडॉग कॅफे, सगळं बारकाईनं रेखाटलेलं. रॉकेटचा जनकही डॉक सॅव्हेज या १९३३ पासूनच्या स्वस्त मासिकांतल्या नायकासारखा, फक्त नाव न घेता. नायिका बेटी हुबेहूब मॉडेल बेटी पेजसारखी. पेज हयात आहेत हे कळल्यावर स्टीव्हन्सनं त्यांची गाठ घेतली, त्यांना स्वतः मोबदला दिला.

या नजाकतीची किंमत वाचकांनी वाट पाहून मोजली. पॅसिफिक बुडाली, पहिली कथा १९८४ मध्ये एक्लिप्स या दुसऱ्या प्रकाशनानं पुरी केली. दुसरी कॉमिको या प्रकाशनाकडे १९८८ मध्ये सुरू झाली आणि डार्क हॉर्स या आणखी एका प्रकाशनाकडे १९९५ मध्ये संपली. मधे १९९१ मध्ये डिस्नेचा सिनेमाही येऊन गेला (त्यात सॅव्हेजच्या जागी खराखुरा उद्योगपती-वैमानिक हॉवर्ड ह्यूज). रिपब्लिकचा नायक आठवड्यात सुटायचा. क्लिफला शेवटच्या पेचातून सुटायला काही वर्षं लागली.