काळ्या मातीत हरवलेलं डोरलं

कापूस वेचता वेचता पोत तुटते आणि घरी आल्यावर कळतं, डोरलं शेतातच पडलं. हिवाळ्यात काळी माती भेगाळलेली असते; भेगेत गेलेलं सोनं नजरेला पडत नाही. मग कुणीतरी मेटल डिटेक्टर मागून आणतं. ते पावलोपावली वाजू लागतं आणि "मशीनच बोगस" म्हणून परत जातं. मशीन बहुतेक वेळा चांगलं असतं, फक्त ते त्या शेताच्या मातीशी जुळवलेलं नसतं.

डिटेक्टरच्या तबकडीत तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. त्यांतून सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारा प्रवाह जातो. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे वीज निर्माण होते, हे फॅरेडेने १८३१ साली दाखवलं. इथेही तेच घडतं: सोन्यात भोवऱ्यासारखे प्रवाह फिरतात आणि त्यांचं क्षीण क्षेत्र यंत्र टिपतं.

पण आपली काळी माती सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या खडकातून झिजून आलेली. त्यात लोहाचं चुंबकीय खनिज, मॅग्नेटाइट असतं, आणि त्याचा प्रतिसाद इवल्याशा डोरल्यापेक्षा कितीतरी मोठा. सुटका एकाच गोष्टीने होते. खनिज जवळजवळ लगेच प्रतिसाद देतं, धातूचा प्रतिसाद किंचित उशिरा येतो. हा फरक यंत्राला दाखवून देणं म्हणजे 'ग्राउंड बॅलन्स'. धातू नसलेली जागा पाहा, तबकडी गुडघ्याच्या उंचीवरून जमिनीलगत आणा, पुन्हा उचला. खालीवर करताना आवाज बदलेनासा होईपर्यंत बटण फिरवत राहा. शेत बदललं की हे पुन्हा करायचं. माझ्या मते इथे घालवलेली १० मिनिटं सगळ्यात मोलाची.

अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात आणखी एक पेच आहे. ओल्या खारट मातीतून वीज वाहते, त्यामुळे ती यंत्राला पातळ सोन्यासारखीच वाटते. तिथे माती वाळू द्या, तबकडी थोडी उंच धरा, संवेदनशीलता कमी करा. ठरावीक लयीत टकटक येत असेल तर रोही-डुकरांसाठी लावलेलं झटका मशीन आधी बंद करा.

लोखंड आणि कचरा गाळण्याची सोय यंत्रात असते, पण ती फार वाढवू नका. कीटकनाशकाच्या बाटलीचं अॅल्युमिनियमचं सील आणि पातळ सोनं यांचा आवाज जवळपास सारखा येतो. सील गाळायला गेलं तर डोरलंही गळतं. घरातलं तसंच डोरलं त्या मातीवर ठेवून आधी आवाज ऐका. धरणाऱ्याने हातातलं कडं, अंगठी काढावी, खुरपी लांब ठेवावी. पऱ्हाटीच्या ओळींत लहान तबकडी बरी. ती जमिनीशी समांतर ठेवून हळू फिरवा, प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर अर्धी चढवा.

काम झाल्यावर तबकडीचं प्लास्टिक झाकण काढून आत शिरलेली माती धुवा, नाहीतर तीच पुढच्या वेळी वाजेल. वरच्या डब्यावर मात्र पाणी नको. तबकडीची वायर दांड्याला घट्ट गुंडाळा. ती हलली तरी खोटा आवाज येतो. आणि उन्हाळ्यात यंत्र पत्र्याखाली ठेवायचं असेल तर सेल काढूनच ठेवा. अल्कलाइन सेल गळून पत्तीवर पांढरा थर चढलाच, तर कापसाचा बोळा लिंबाच्या रसात बुडवून पुसा आणि पूर्ण वाळल्यावरच नवे सेल घाला.