‘केली आहे’ म्हणजे कधी? बंद हवाई तळांच्या जमिनीमागचा वाद

सोलापुरात प्लॉट घेणारा माणूस सातबाऱ्यावर आधी ‘इतर हक्क’ हा रकाना बघतो. सोसायटीचा बोजा, बँकेचा बोजा, कुळाचे नाव, सगळे तिथे सापडते. जमिनीखालच्या पाण्यात काय मुरले आहे ते सापडत नाही. अमेरिकेने लष्करी हवाई तळ बंद करताना नेमकी ही गोष्ट हमी म्हणून खरेदीखतात आणली. त्या हमीतल्या एका क्रियापदाचा अर्थ काय, यावर पुढे वर्षानुवर्षे वाद झाला.

तळ बंद करण्याची मोठी लाट शीतयुद्ध संपताना आली. आपल्या मतदारसंघातला तळ जाऊ द्यायला कोणी लोकप्रतिनिधी तयार नसे. १९७७ च्या कायद्याने घातलेल्या अटींमुळे तर तळ बंद करणे जवळपास थांबलेच होते. म्हणून १९८८ मध्ये स्वतंत्र आयोगाची पद्धत आली: यादी एकत्र येणार, ती सगळी स्वीकारा किंवा सगळी फेटाळा. १९८८, १९९१, १९९३, १९९५ आणि २००५ अशा पाच फेऱ्या झाल्या.

विमानाच्या सुट्या भागांवरचे ग्रीस काढायला ट्रायक्लोरोइथिलीन हे द्रावक वापरत. वापरून झालेले द्रावक कित्येक ठिकाणी खड्ड्यात ओतले जाई. आग विझवण्याच्या सरावासाठी टाकाऊ इंधन उघड्या खड्ड्यात पेटवत. इंधन निदान भूजलावर तरंगते. हे द्रावक पाण्यापेक्षा जड असते. ते खाली बसते आणि तिथून थोडेथोडे विरघळत राहते, म्हणून ते उपसून संपवायला दशके लागतात.

प्रदूषण करणाऱ्याने सफाईचा खर्च सोसावा, हा तिथला कायदा १९८० चा. १९८६ च्या दुरुस्तीने सरकारच्या स्वतःच्या जागांची जबाबदारी त्यात स्पष्टपणे लिहिली गेली. सरकारने दूषित जमीन दुसऱ्याला देताना खरेदीखतात दोन हमी द्यायच्या. एक, आरोग्य व पर्यावरणाच्या रक्षणासाठी आवश्यक ती सर्व उपाययोजना हस्तांतरणापूर्वी ‘केली आहे’. दोन, पुढे आणखी काही करावे लागले तर तेही सरकारच करील.

भांडण झाले ते पहिल्या हमीवर. भूजल शुद्ध व्हायला तीस वर्षे लागणार असतील तर ‘केली आहे’ कधी म्हणायचे? पाणी शुद्ध झाल्यावर, असा शब्दशः अर्थ घेतला तर जमीन तीस वर्षे अडकते. तळ गेल्याने गावातले रोजगार आधीच गेलेले, त्यात हजारो एकर जागा कुंपणाआड पडून. गावकऱ्यांची घाई खोटी नव्हती. १९९२ मध्ये संसदेने अर्थ सैल केला: शुद्धीकरणाची यंत्रणा बसवली आणि ती नीट चालते हे दाखवून दिले, की उपाययोजना ‘केली’ असे मानावे. १९९६ मध्ये आणखी एक पाऊल पडले. राज्याच्या गव्हर्नरची संमती असेल तर जमीन आधी देता येईल, सफाई मागून.

मला यातली १९९२ ची दुरुस्ती समजू शकते. १९९६ ची खटकते, कारण जमीन हातातून गेल्यावर सफाई उरकण्याचा दबाव कमी होतो. आणि या ओढाताणीत ज्या दुसऱ्या हमीकडे फारसे कोणी पाहिले नाही, तीच पुढे कामाला आली.

मिशिगनमधला वर्टस्मिथ तळ १९९३ मध्ये बंद झाला. द्रावक काढण्याचे काम तिथे आधीपासून चालू होते. २०१० मध्ये त्याच पाण्यात वेगळीच रसायने सापडली, विमानाची आग विझवण्याच्या फेसातली. १९८६ चा कायदा लिहिताना ती कोणी शोधत नव्हते; असे मागून निघालेले काम दुसऱ्या हमीत बसते. न्यू हॅम्पशायरमधला पीझ तळ १९९१ मध्ये बंद होऊन तिथे कंपन्या आल्या, पाळणाघरे आली. २०१४ मध्ये तिथली एक विहीर याच रसायनांमुळे बंद करावी लागली. पाळणाघरातली मुले तेच पाणी प्यायली होती. या रसायनांपैकी दोन प्रमुख रसायनांसाठी २०१६ ची सल्लावजा मर्यादा एकत्रित ७० भाग प्रति लाख कोटी होती. २०२४ मध्ये प्रत्येकी ४ भाग अशी बंधनकारक मर्यादा ठरली.

देशाबाहेरच्या तळांना तर ही हमीही नव्हती. फिलिपिन्समधला क्लार्क तळ १९९१ मध्ये पिनातुबो ज्वालामुखीच्या उद्रेकानंतर सोडला गेला. जागा पूर्ववत करून देण्याचे बंधन अमेरिकेवर नाही, हे १९४७ च्या करारातच लिहिलेले होते.

सोलापुरात लष्करी तळ नाही, पण वापरून सोडलेल्या जमिनी आहेत. गिरण्या बंद पडल्या, रंगकाम होत असलेल्या जागांचे प्लॉट पडले. उजनीचे पाणी नळाला काही दिवसांआड येते, त्यामुळे अपार्टमेंटला बोअर लागतेच. इथला खडक काळा पाषाण. पाणी त्याच्या भेगांतून येते आणि वरून बघून ते कुठून आले हे कळत नाही. बोअर मारताना राखाडी भुकटी उडते, मग चिखल येतो, मग कोणीतरी ‘पाणी लागलं’ म्हणून ओरडते. पेल्यात टीडीएस मीटर बुडवतात, आकडा बघतात, मोटर बसवतात. तो मीटर क्षार दाखवतो. द्रावक किंवा फेसातली रसायने त्याला दिसत नाहीत.

दूषित जागांसाठीचे स्वतंत्र नियम भारतात २०२५ च्या जुलैत आले.